कधीमधी एखादी गोळी

६ जानेवारी

टायरवाला दर वर्षी डायरी देतो आणि दर वर्षी ती आमच्याकडे खिडकीची फट बुजवायच्या कामी येते. यंदा लिहायला घेतली, कारण आज माझ्या उजव्या गुडघ्याचा निकाल लागला. नापास.

सर्जनने एक्स-रे उजेडाला धरला. "इथे गादी असायला हवी होती. आता हाडावर हाड घासतंय." गादी कुठे गेली ते मी सांगू शकते. पंचवीस वर्षं मी माझ्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसते आहे, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. समोर आलेली म्हातारी, सायकलवाला, भिंत, सगळ्यांना मी त्या ब्रेकने जीवदान दिलं. गादी त्यात गेली. एकानेही आभार मानले नाहीत. भिंतीने तर नाहीच.

मार्चअखेरीला गुडघा बदलायचं ठरलं. मग त्याने विचारलं, "दुखण्यावर काय घेता?"

"कधीमधी एखादी गोळी."

"कुठली?"

मी नाव सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. "ही साधी गोळी नाही. अफूच्या कुळातली आहे. ऑपरेशनच्या आधी रोज घेत राहिलात तर शरीराला तिची सवय लागते. मग नंतर आम्ही देऊ ते औषध पुरत नाही. दुखणं जास्त, म्हणून व्यायाम कमी, म्हणून गुडघा आखडतो. रोज घेत असाल तर आत्ताच सांगा. हळूहळू कमी करू, मग ऑपरेशन करू."

"रोज? छे!"

शेजारी आमच्या यांनी तोंड उघडलं. हे कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहेत आणि गप्प बसण्यात तरबेज आहेत. नेमकं आजच बोलावंसं वाटलं. मी सर्जनला म्हटलं, "यांना जरा कमी ऐकू येतं." यांनी तोंड मिटलं.

आणि रोज म्हणजे काय? सकाळची एक औषध म्हणून. दुपारची तास घेता यावेत म्हणून. संध्याकाळची दुपारचा असर उतरतो म्हणून. याला रोज म्हणत नाहीत, वेळापत्रक म्हणतात.

११ जानेवारी

नणंदबाई गुडघा बघायला आल्या. माझा बघायला नव्हे, स्वतःचा दाखवायला. तीन वर्षांपूर्वी बदललाय. तेव्हापासून आमच्याकडे आल्या की आधी जिना चढून गच्चीवर जातात, खाली उतरतात आणि मगच चहा घेतात.

"वहिनी, मी पंधरा दिवसांत काठी टाकली. आणि गोळ्या? मला नाही लागल्या गं. डबाभर उरल्यात घरात."

मी म्हटलं, एवढं महागाचं औषध वाया का घालवायचं. संध्याकाळी त्यांनी डबा पाठवला. काहींची तारीख उलटून गेली आहे, पण तारीख आपल्याला वाचता येते, गुडघ्याला थोडीच येते.

फॅमिली डॉक्टर देतात त्या वेगळ्या आणि या वेगळ्या. या कुणी मोजत नाही, हा यांचा मोठा गुण.

१९ जानेवारी

माफकराबाईंचा तास. बालवाडीत शिकवतात, पन्नाशीला आल्यावर गाडी शिकायची हौस आली आहे. हॉर्न वाजवला की काच खाली करून पुढच्याला "माफ करा" म्हणतात. खड्ड्यालाही म्हणतात.

आज त्यांना गोदामांच्या रस्त्याला नेलं. सरळ रस्ता, रहदारी नाही, ऊन अंगावर. मी डोळे मिटून त्यांचा क्लच ऐकत होते. अनुभवी माणसाला दर वेळी बघायची गरज नसते. तेवढ्यात बाईंनी करकचून ब्रेक दाबला. माझी मान अशी हिसकली की दात वाजले.

"काय झालं?"

"समोर दुधाची गाडी आहे, बाई."

होती, नाही असं नाही. पण लांब होती. हातभर तरी.

"मी तुम्हाला तीनदा हाक मारली," त्या म्हणाल्या.

"मग चौथ्यांदा मारायची. परीक्षेला इन्स्पेक्टर काय तुमच्या हाकेची वाट बघणार आहे?"

यावर त्या उतरल्या आणि चालत घरी गेल्या. अर्धा तास शिल्लक होता. आणि विशेष म्हणजे, आज एकदाही "माफ करा" म्हणाल्या नाहीत. लोकांना शिकायचंच नसतं.

२ फेब्रुवारी

यांचं काहीतरी बिनसलंय.

गोळ्यांची पट्टी मी नेहमी फ्रिजवर ठेवते. काल नव्हती. यांना विचारलं, तर म्हणाले, "बघतो," आणि बघत राहिले. हजारो पुस्तकांपैकी कुठलं कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, हे ज्या माणसाला झोपेत सांगता यायचं, त्याला फ्रिजवरची पट्टी सापडत नाही! शेवटी ती मला यांच्या कोटाच्या खिशात मिळाली.

"इथे कशी आली?"

"कुणास ठाऊक," म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

वय झालंय.

६ फेब्रुवारी

यांना औषधाच्या दुकानात पाठवलं. हात हलवत परत. "दुकान बंद होतं." सकाळी अकराला! मी गाडी काढून गेले, तर दुकानदार काउंटरवर बसून शेंगा सोलत होता. दुकान बंद असल्याचा काही मागमूस नव्हता.

शेजारच्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी दुकानं बंद दिसायला लागली, मग ते स्वतःचं घर विसरले.

आज दोन तास रद्द केले. तिसऱ्याला चिडचिड केली. त्याला उलटा गिअर टाकता येत नव्हता, पण मी त्याला जे म्हणाले ते इथे लिहिणार नाही. पोट आठवडाभर साफ नाही. अंगाला खाज येते. हल्ली साबण कसले बनवतात!

१४ फेब्रुवारी

यांना फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. खरं कारण सांगितलं असतं तर आले नसते, म्हणून म्हटलं, रक्तदाब तपासून घेऊ. डॉक्टरांना आधीच फोन करून ठेवला होता.

डॉक्टरांनी यांना महिने उलटे म्हणायला लावले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. घड्याळ काढून त्यात सव्वाअकरा वाजवायला सांगितले. यांनी सगळं बिनचूक केलं, वर डॉक्टरांच्या छापील कागदावरची शुद्धलेखनाची चूकही दाखवली. घड्याळ काढताना एकदा यांचे डोळे भरल्यासारखे वाटले. मला इतकं वाईट वाटलं! बिचाऱ्याला कळलं असणार आपल्याला काय होतंय ते.

मग हे म्हणाले, "तू बाहेर बस, माझं जरा पुरुषी काम आहे." दार लावून चांगला अर्धा तास आत होते. मी बाहेर बसून भिंतीवरचा यकृताचा तक्ता पाठ केला.

शेवटी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. आणि तुमच्या त्या गोळ्या यापुढे मी लिहून देणार नाही, सर्जनशी बोलून घ्या. मनाने एकदम बंदही करू नका."

बघा. न्यायचं एकाला आणि बिघडलेला निघायचा दुसराच.

२७ फेब्रुवारी

ऑपरेशनआधीची तपासणी. भूल देणारी डॉक्टर तरुण, बारीक चष्म्याची. तिनेही तेच विचारलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते, विचारलं तेवढंच सांगायचं, जादा माहिती दिली की इन्स्पेक्टर जादा प्रश्न विचारतो.

"कधीमधी एखादी," मी म्हणाले.

"अगं..." हे म्हणाले.

मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय दिला. घाईत दुखराच पाय दिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण चेहरा हसरा ठेवला. तिने कागदावर "क्वचित" असं लिहिलं.

घरी येताना हे एक शब्द बोलले नाहीत. विसरले असतील बोलायचं.

१२ मार्च

दोन दिवस अंथरुणावर. आजारी होते. पट्टी पुन्हा गायब आणि डबा मी इतका नीट लपवला होता की मलाच सापडेना. आणि नेमकी त्याच वेळी अशी सर्दी झाली म्हणता! नाकातून धार, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, घाम, पोट बिघडलेलं, पाय आपोआप झटके देतात. माफकराबाई शेवटच्या तासाला शिंकत होत्या, त्यांचीच देणगी असणार. त्या परत आल्याच नाहीत, सर्दी तेवढी ठेवून गेल्या.

आज डबा चपलांच्या कपाटात सापडला. दुखत होतं म्हणून एक घेतली आणि तासाभरात सर्दी गेली. पूर्ण. कंपनीला कळवायला हवं, त्यांच्या गोळीचा एवढा मोठा गुण त्यांनाच माहीत नाही.

२३ मार्च

उद्या ऑपरेशन. स्कूलला महिनाभर सुट्टी अशी पाटी लावली. हे बॅग भरताहेत. दात घासायचा ब्रश, मऊ चपला, मला न आवडणारी तीन पुस्तकं. मघाशी शेजारी येऊन बसले. म्हणाले, "अजून वेळ आहे. मी फोन करू का त्यांना?"

"कशाला?"

"असंच. सगळं सांगायला."

"सगळं म्हणजे?"

माझ्याकडे बघत राहिले. मग उठून चपला पुन्हा कागदात गुंडाळायला लागले. मला भीती वाटते, पण ऑपरेशनची नाही. मी तिथे असताना यांना गॅस बंद करायचं लक्षात राहील का?

२७ मार्च

गुडघा नवीन. दुखणं त्याहून नवीन.

हे लोक "थोडं दुखेल" म्हणाले होते. यांचं थोडं कुठल्या मापाचं असतं? नर्स येते, विचारते, "दहापैकी किती?" मी म्हणते, "चौदा." ती पाच मिनिटांनी परत येते आणि हसून म्हणते, "दहापैकीच सांगा हं." सुई दिली, गोळी दिली, बर्फ ठेवला. ढिम्म फरक नाही. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "बाई, एवढ्या डोसमध्ये बाकीचे लोक घोरत असतात."

शेजारच्या खाटेवर एक पोस्टमास्तरीण आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा गुडघा माझ्यानंतर झाला. त्या कालच वॉकर धरून दारापर्यंत गेल्या आणि येताना त्यांनी माझी चौकशीही केली. मी अजून पलंगाच्या काठावर बसलेय आणि पाय खाली सोडायच्या नुसत्या विचाराने मला घाम फुटतोय.

ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "आधी घरी काही जोराची औषधं घेत होतात का? सांगितलंत तर मदत करता येईल." त्या क्षणी मी जवळजवळ सांगणार होते. पण पोस्टमास्तरीण ऐकत होत्या.

१ एप्रिल

पोस्टमास्तरीण घरी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "धीर धर, बाळ." मी एकसष्ट वर्षांची आहे.

१० एप्रिल

घरी आणलं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. तिला मी हवालदार म्हणते. टाच मागे ओढा, आणखी ओढा, हं, आणखी. तिचं म्हणणं, हे पहिले काही आठवडेच कामाचे आहेत, नंतर गुडघा आतून चिकटतो आणि कुणाचं ऐकत नाही.

मी म्हटलं, "दुखतं."

"दुखणारच. पण तुम्ही सुरूच करत नाही. बाकीचे रडत रडत करतात."

मी रडून व्यायाम करणाऱ्यांतली नाही. मी न रडता व्यायाम न करणाऱ्यांतली आहे.

हॉस्पिटलने दिलेल्या गोळ्यांनी मुंगीही बधिर व्हायची नाही. त्यांचा ताबा यांच्याकडे आहे, वेळ बघून देतात. बरं झालं, डबा मी आधीच गाडीत समोरच्या खणात ठेवून दिला होता. गाडी बंद राहिली की बॅटरी उतरते, म्हणून मी वॉकर घेऊन दिवसातून दोन-तीनदा इंजिन सुरू करायला गॅरेजात जाते. हवालदार म्हणाली, "अरे वा, चालता की!" कौतुक होतं म्हणून जास्तच जाते.

२४ एप्रिल

खणात डबा नाही.

यांना विचारलं. "कुठला डबा?" यांच्या चेहऱ्यावर काहीही नाही, कोरा कागद. मी यांना वाटेल ते बोलले. तुम्हाला वेड लागलंय, तुम्हाला कुठेतरी ठेवावं लागेल, तुम्ही माझ्या जिवावर उठलाय. हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. कमी ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.

मग नणंदबाईंना फोन केला, म्हटलं, तुमच्या भावाची स्मरणशक्ती गेली, आणि हो, घरात अजून काही गोळ्या आहेत का? त्या म्हणाल्या, "वहिनी, दादाचा फोन आला होता मला. मी नाही देणार."

सगळं घरच बिघडलंय.

४ मे

आज सर्जनकडे तपासणी. सहा आठवडे होत आले. त्याने गुडघा वाकवायला घेतला आणि मी त्याच्या टेबलावरचा पेनांचा पेला उडवला.

"एव्हाना निदान काटकोनात यायला हवा होता," तो म्हणाला. "आतून चिकटलाय. भूल देऊन वाकवावा लागेल. पण इतकं का दुखतंय तुम्हाला? सांधा छान बसलाय, जंतुसंसर्ग नाही..." तो कागद चाळत होता. आणि हे उभे राहिले. अख्ख्या आयुष्यात मी यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, ती रोज घेत होती. ऑपरेशनच्या आधी वर्षभर तरी. दिवसातून तीनदा, चारदा. आणि नंतरही, तुमच्या औषधांखेरीज."

"यांना विस्मरण आहे," मी म्हणाले.

"मला विस्मरण नाही. पट्टी मी लपवली. औषधाचं दुकान उघडं होतं. गाडीतला डबा मी नेला. सगळं लक्षात आहे माझ्या."

सर्जन माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. थकलेल्या आवाजात म्हणाला, "गुडघा आखडायला आणखीही कारणं असतात. पण यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर ऑपरेशन पुढे ढकललं असतं, आधी या कमी केल्या असत्या, भुलीची तयारी वेगळी केली असती." मग यांच्याकडे वळला. "आणि तुम्ही लपवत होतात तेही बरोबर नव्हतं. एकदम तुटल्या की त्रास होतो. तेव्हा घाम, जांभया, नाक वाहणं, पोट बिघडणं असं काही झालं का यांना?"

"सर्दी झाली होती," मी म्हणाले.

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

५ मे

बोलणं बंद.

८ मे

हे ओट्याशी उभे राहून बटाटे सोलत होते. हे बटाटा असा सोलतात की शेवटी फार थोडा बटाटा उरतो. मी वॉकर दारात लावला आणि विचारलं, "कधीपासून लपवत होतात?"

"जानेवारीपासून. त्या बालवाडीच्या बाई आल्या होत्या घरी. तू आंघोळीला गेली होतीस. म्हणाल्या, बाई झोपल्या होत्या, डोकं खिडकीला टेकलं होतं, आणि समोर गाडी. तीनदा हाक मारली. मग त्या म्हणाल्या, सांगते त्याबद्दल माफ करा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला कोण सांगणार?"

मी ओट्यावरची एक साल उचलून उजेडाला धरली.

"मी पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं सर्जनपुढे," हे म्हणाले. "तू म्हणालीस यांना ऐकू येत नाही, आणि मी ऐकू न येणारा होऊन बसलो. सोपं होतं ते. मग लपवत बसलो चोरासारखा. त्यानेही तुला त्रासच झाला."

"मला खरंच वाटलं होतं, तुमचं डोकं चालेनासं झालंय."

"कळलं होतं मला. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं ना, तेव्हा आधी हसू आलं. मग तू तिथे कोपऱ्यात बसली होतीस, तोंड इतकंसं करून. माझ्या काळजीने."

मी म्हटलं, "ती साल जरा पातळ काढा."

काढली. त्यातल्या त्यात पातळ.

दुधाच्या गाडीचा विचार करते आहे. हातभर. हातभर म्हणजे किती कमी असतं, हे मी रोज लोकांना शिकवते.

१७ मे

भूल देऊन गुडघा वाकवला. या वेळी बारीक चष्मेवालीने विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. कोणती, किती, कुठून आणलेली. ती लिहीत होती, लिहीतच होती. मला वाटलं आता कागद मागवेल. शेवटी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. एवढंच. यासाठी मी चार महिने जीव काढला होता.

आता दुखण्याचे एक डॉक्टर आहेत. असेही डॉक्टर असतात. त्यांनी गोळ्या दर आठवड्याला थोड्या थोड्या उतरवायचं ठरवून दिलंय. गाडी शिकवायची नाही, पूर्ण बंद झाल्यावर बघू, असंही म्हणाले. मी विचारलं, "आणि दुखलं तर?" ते म्हणाले, "दुखेल की." मला हा माणूस आवडला नाही, पण निदान खोटं बोलत नाही.

३० मे

फार वाईट आठवडा. हाडांत कुणीतरी वाळू भरल्यासारखं. झोप नाही. परवा मी नणंदबाईंना परत फोन लावला, गोळ्यांसाठीच, खोटं कशाला लिहू. त्यांनी नाही म्हटलं आणि तासाभरात स्वतः आल्या. गच्चीवर गेल्या नाहीत. माझ्या पलंगावर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"डबा मीच पाठवला ना गं."

"मी मागितला म्हणून."

"आणि मला लागल्या नाहीत म्हणायचे ना मी, ते खोटं होतं. मला सोसत नव्हत्या. एक घेतली की दिवसभर उलट्या. मग न घेता केला व्यायाम. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून."

तीन वर्षं ज्या शौर्यावर मी जळत होते, त्याचा हा हिशेब निघाला. मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग हवालदार आली आणि आम्हा दोघींना टाच मागे ओढायला लावली.

२१ जून

माफकराबाईंना मी फोन केला. चार दिवस करायचं ठरवत होते, आज केला. त्या दुसऱ्या स्कूलमध्ये शिकल्या आणि पहिल्या परीक्षेत पास झाल्या. मी म्हटलं, "त्या दिवशी मी झोपले होते. तुम्ही ब्रेक दाबलात म्हणून मी आणि तुम्ही... म्हणजे, माफ करा." तो शब्द तोंडात इतका अवघडला, की त्यांना दोनदा "काय?" विचारावं लागलं. मग म्हणाल्या, "अहो, माफ करा काय, माफ करा!" आणि पुढचं दोघींनाही सुचेना, म्हणून फोन ठेवला.

गुडघा काटकोनाच्या जरा पुढे जातो. सर्जन म्हणतो, आणखी थोडा जाईल, पण नणंदबाईंसारखा नाही, कदाचित कधीच नाही. जे आधी करायचं ते नंतर केलं, त्याचं हे शुल्क. त्याला मी विचारलं, डाव्याचं काय? म्हणाला, तोही एक दिवस बदलावा लागेल. मी म्हटलं, आधी मला याला माफ करू द्या.

९ जुलै

शेवटची गोळी सुटून काही दिवस झाले. सकाळपासून वाटत होतं, एक मिळाली तर. ठणका मोठा नव्हता, तरी वाटत होतं. पूर्वी मी यांच्याकडे बघून म्हटलं असतं, आज हवा दमट आहे. आज सरळ म्हटलं, "मला गोळी हवीशी वाटतेय."

यांनी घरभर बघितलं नाही, काही लपवलं नाही. चपला घातल्या, माझ्या चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "चल, कोपऱ्यापर्यंत."

मी सगळा रस्ता भांडत गेले. फुटपाथ उंच आहे. काठीचं रबर झिजलंय. तुम्ही फार जोरात चालता. तुम्ही फार हळू चालता. हे "हो" म्हणत होते, दोन्ही तक्रारींना. कोपऱ्यावर बुटका कठडा आहे, त्यावर बसले.

समोर चौकात दुसऱ्या कुठल्यातरी स्कूलची गाडी बंद पडली होती. आत एक लठ्ठ गृहस्थ, टक्कल घामाने चमकत होतं. त्यांच्या शेजारचा शिकवणारा फोनवर बोलत होता. मागे सगळे हॉर्न वाजवत होते. गृहस्थ गाडी सुरू करत होते, गाडी उडी मारत होती आणि परत बंद पडत होती. मला राहवेना. मी कठड्यावरूनच ओरडले, "क्लच! आधी क्लच पूर्ण दाबा! आता गिअर. हं, आता हळू सोडा. हळू! मागच्यांना वाजवू दे, त्यांना दुसरं काय येतं?"

गाडी सुटली. गृहस्थांनी खिडकीतून हात केला आणि तेवढ्यासाठी समोर बघायचं सोडलं. "रस्ता बघा!" मी परत ओरडले. हे हसत होते, खांदे हलेपर्यंत.

परतताना गुडघ्याने खरंच मान टाकली. घराच्या पायरीपाशी हे म्हणाले, "दुखतंय?"

"हो. खूप."

"बरं," हे म्हणाले, आणि माझ्याबरोबर थांबले. काही सुचवलं नाही, घाई केली नाही. एक सायकलवाला गेला, एक बाई पिशव्या घेऊन गेली. मग मी म्हटलं, "चला," आणि आधी चांगला पाय पायरीवर ठेवला.